एकच अंतर, जाताना नऊ तास आणि येताना सहा तास: हे गणित कसे जुळवावे?

शब्दांकित (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

माझी आई मार्च महिन्यात लंडनहून न्यूयॉर्कला जाणार आहे. १५ मार्चला जाणे आणि २२ मार्चला परतणे असे तिचे तिकीट आहे. तिला दर आठ तासांनी एक गोळी घ्यावी लागते. लंडनच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या तिच्या ठरलेल्या वेळा आहेत, आणि गोळी मागेपुढे झाली की तिला त्याचा त्रास होतो. म्हणून ती विमानात प्रत्यक्ष किती तास असेल आणि उतरल्यावर पुढची गोळी तिथल्या घड्याळात किती वाजता येईल, हे एका कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवावे, असे मी ठरवले. लिहायला बसलो आणि आकडे काही जुळेनात.

तिकिटावर जाण्याची वेळ लंडनहून दुपारी १ आणि न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी सायंकाळी ५ अशी आहे. परतताना न्यूयॉर्कहून रात्री ८ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता लंडन. या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात, एवढे मला माहीत आहे. दोन शहरांच्या वेळेत पाच तासांचा फरक आहे, म्हणून जाताना चार अधिक पाच असे नऊ तास झाले आणि येताना अकरा वजा पाच असे सहा तास. अंतर एकच असताना जाण्यायेण्यात तीन तासांचा फरक पडावा, हे मनाला पटत नाही.

अंतराचेही तेच. एका ठिकाणी ५,५७० किलोमीटर दिसले, दुसऱ्या ठिकाणी ५,५४०. मैलांत पाहिले तर एकीकडे ३,४४० आणि दुसरीकडे २,९९०. यातले खरे कोणते मानायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अक्षांश

आधी अंतराचे पाहू, कारण ते सोपे आहे आणि तुम्हाला मिळालेले चारही आकडे बरोबर आहेत.

५,५७० हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे आणि ५,५४० हे विमानतळापासून विमानतळापर्यंतचे. हिथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला आहे आणि केनेडी विमानतळ न्यूयॉर्क शहराच्या पूर्व अंगाला. म्हणजे दोन्ही विमानतळ आपापल्या शहराच्या मध्यापासून एकमेकांच्या दिशेने थोडे सरकलेले आहेत, आणि तेवढेच तीसएक किलोमीटर कमी भरतात.

मैलांचे कोडे एककाचे आहे. ३,४४० हे जमिनीवरचे साधे मैल आहेत, १.६०९ किलोमीटरचा एक. विमानवाहतुकीत मात्र जहाजांप्रमाणे सागरी मैल वापरतात आणि तो १.८५२ किलोमीटरचा असतो. ही संख्या उगाच निवडलेली नाही. उत्तर-दक्षिण रेखावृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि त्याचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, हा सागरी मैल होय. नकाशावर अक्षांशाची मिनिटे मोजली की अंतर आपोआप सागरी मैलांत मिळते, म्हणून खलाशांनी तो धरून ठेवला आणि पुढे वैमानिकांनीही.

पाच-दहा किलोमीटरचा फरक तर आणखी एका कारणाने पडतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडे ६,३५७. काही गणकयंत्रे ६,३७१ ही सरासरी धरून सरळ गोलाचे सूत्र लावतात, तर काही चपटेपणा हिशेबात घेतात. त्यामुळे उत्तरांत फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. प्रवासाच्या वेळेचा विचार करताना तो सोडून द्यावा.

सांजवारा

माझ्या मते जाण्यायेण्यातला फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडत असावा. मात्र त्यात मला एक अडचण नेहमी वाटत आली आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाच्या समोर न्यूयॉर्क आपणहून चालून यायला हवे आणि जातानाचा प्रवास छोटा व्हायला हवा. प्रत्यक्षात उलट दिसते. कोणी समजावून सांगेल का?

निरभ्र

सांजवारा, तुमची शंका अगदी योग्य आहे आणि ती अनेकांच्या मनात असते.

विमान जमिनीवर उभे असते तेव्हाच ते पृथ्वीबरोबर फिरत असते, आणि उडाल्यावरही ते ज्या हवेत तरंगते ती हवा पृथ्वीबरोबरच फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. हवा जर मागे राहत असती तर आपल्याला एवढ्या वेगाचे वारे सतत सोसावे लागले असते. चालत्या आगगाडीच्या डब्यात उभे राहून उडी मारली तर आपण मागच्या भिंतीवर आदळत नाही, त्याच जागी खाली येतो. विमानाचेही तसेच आहे. त्यामुळे शहर समोर चालून येणे किंवा पळून जाणे असे काही होत नाही.

मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा अप्रत्यक्ष परिणाम मोठा आहे. उष्ण कटिबंधातली तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे सरकते, आणि फिरणाऱ्या पृथ्वीवर ती सरळ न जाता पूर्वेकडे वळते. थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, या प्रवाहाचा एक अरुंद झोत तयार होतो. त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि प्रवासी विमाने नेमकी त्याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, म्हणून झोतही जोरकस होतो.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वेगवान वारे मोजले होते. त्यांनी आपले निष्कर्ष १९२६ मध्ये एस्पेरांतो या, सर्व देशांच्या लोकांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत प्रसिद्ध केले, जगभर वाचले जावेत म्हणून. ती भाषा वाचणारे फारसे कोणी नव्हते, आणि दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना याच वाऱ्यांशी नव्याने गाठ पडली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

प्रवासवही

निरभ्र यांच्या प्रतिसादाला जोड देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता.

मी स्वतः हा प्रवास दोन्ही दिशांनी केला आहे, आणि आसनासमोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहत बसणे ही माझी आवड आहे. जाताना वेगाचा आकडा ताशी ७८० ते ८२० च्या आसपास रेंगाळत होता. त्याच जातीच्या विमानाने परतताना तो १,०२० झाला, आणि खाली वाऱ्याच्या चौकटीत मागून येणारा बाण व १३० हा आकडा होता. बाहेरचे तापमान दोन्ही वेळा उणे पन्नासच्या खाली.

सांजवारा

धन्यवाद निरभ्र, आगगाडीच्या उदाहरणाने शंका फिटली. प्रवासवही, ताशी १,३०० किलोमीटर म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक वेग झाला ना? मग त्या विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली असे म्हणावे का?

निरभ्र

नाही. ध्वनीची मर्यादा ही विमानाच्या भोवतालच्या हवेच्या सापेक्ष मोजायची असते. त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. लांब पल्ल्याची मोठी विमाने त्याच्या ८५ टक्के वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतात, आणि मध्यम पल्ल्याची लहान जेट विमाने ७८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ताशी ८३० ने. ते विमान हवेतून नेहमीच्याच वेगाने चालले होते. हवाच पुढे धावत होती.

गणकयंत्र

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वाऱ्याचे स्पष्टीकरण बरोबर असले तरी धागालेखकाच्या नऊ आणि सहा तासांना ते पुरत नाही, असे मला वाटते.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ यांची बेरीज आधी करा. ती पंधरा तास येते. या बेरजेत दोन शहरांच्या वेळेतला फरक एकदा मिळवला जातो आणि एकदा वजा होतो, म्हणजे तो पूर्णपणे निघून जातो. तुम्ही फरक पाचऐवजी दोन धरला असता तरी बेरीज पंधराच आली असती. म्हणून ती विश्वासार्ह आहे. तिचे अर्धे, साडेसात तास, हा या मार्गाचा सरासरी वेळ झाला.

तो अंतराशी जुळतो का पाहू. माझा एक ढोबळ ठोकताळा आहे: किलोमीटरला ८०० ने भागावे आणि अर्धा तास मिळवावा. अर्धा तास हा धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि थांबण्याच्या जागेपर्यंत येणे यासाठी. ५,५४० ला ८०० ने भागले की ६ तास ५५ मिनिटे, अधिक अर्धा तास, म्हणजे ७ तास २५ मिनिटे. साडेसातच्या इतके जवळ येते की बेरजेबद्दल शंका उरत नाही.

शंका आहे ती वाटणीबद्दल. दोन्ही बाजूंनी जमिनीवरचे आणि चढण्या-उतरण्याचे मिळून पाऊण तास वजा करा. मग जाताना सव्वाआठ तास आणि येताना सव्वापाच तास उरतात. त्यावरून वेग निघतात ताशी ६७१ आणि १,०५५ किलोमीटर. म्हणजे संपूर्ण मार्गभर ताशी १९० किलोमीटरचा वारा जाताना समोरून आणि येताना मागून, असे मानावे लागेल. एखाद्या वादळी दिवशी मागून असा वारा मिळेलही, परंतु वेळापत्रक अशा दिवसावर बेतत नाहीत. शिवाय जाताना वैमानिक झोताला बगल देणारा मार्ग घेतात. माझ्या अंदाजाने आठ आणि सात ही खरी वाटणी असावी. त्यातून वारा ताशी साठच्या आसपास येतो आणि तो वेळापत्रकाला शोभेल असा आहे. एक तास कुठेतरी इकडचा तिकडे गेला आहे. तिकिटाची तारीख पुन्हा पाहावी, असे सुचवतो.

अक्षांश

गणकयंत्र, उत्तम विश्लेषण. तो तास मला सापडला.

न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातला फरक वर्षातले बहुतेक दिवस पाच तासांचा असतो, पण सगळे दिवस नाही. दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, मात्र एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे सरकते. ब्रिटनमध्ये आणि युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी सरकते. या दोन रविवारांच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क पुढे गेलेले असते आणि लंडन जागच्या जागी असते, त्यामुळे फरक फक्त चार तासांचा राहतो. शरद ऋतूत पुन्हा एकदा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, आठवडाभर तेच घडते.

दुसरा रविवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि शेवटचा २५ ते ३१ च्या दरम्यान. म्हणजे १५ मार्च आणि २२ मार्च या दोन्ही तारखा, वर्ष कोणतेही असो, या चार तासांच्या काळातच पडतात. आता हिशेब करा: जाताना चार अधिक चार, आठ तास. येताना अकरा वजा चार, सात तास.

यासाठीच मी दोन शहरांतला फरक कधी पाठ धरत नाही. निघण्याची आणि पोहोचण्याची, दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत लिहून काढतो आणि मगच वजाबाकी करतो. आईंच्या जाण्याच्या दिवशी लंडन जागतिक प्रमाणवेळेवरच आहे, म्हणून प्रस्थान १३:००. न्यूयॉर्क चार तास मागे, म्हणून सायंकाळी ५ म्हणजे २१:००. कागदावर दोन ओळी लागतात, पण चूक होत नाही.

शब्दांकित (धागालेखक)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तारखेचा संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मी मोबाइलमधल्या जागतिक घड्याळात फरक पाहिला होता, पण तो जानेवारीत, आणि तेव्हा तो पाच तासच होता. गणकयंत्र यांची बेरजेची युक्ती तर मी कायमची लक्षात ठेवणार आहे.

आणखी एक शंका विचारून घेतो. आई नकाशा पाहून म्हणाली की न्यूयॉर्क लंडनच्या बरेच दक्षिणेला आहे, मग विमान आधी वर आयर्लंडकडे कशाला जाते? तिला काय सांगू?

प्रवासवही

याचे उत्तर शब्दांपेक्षा दोऱ्याने चांगले देता येते. घरी पृथ्वीचा गोल असेल तर शिवणकामाचा दोरा घ्या. एक टोक लंडनवर अंगठ्याने दाबून धरा आणि दुसरे टोक न्यूयॉर्कवर ठेवून हळूहळू ताणा. सैल दोरा आधी समुद्रावर कुठेही पडलेला असतो. तो ताणला जाईल तसा आपोआप वर उत्तरेकडे सरकतो आणि आयर्लंड व न्यूफाउंडलंडवरून जाऊन स्थिरावतो. अंगठा घसरू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हाच सर्वांत आखूड मार्ग आणि त्यालाच महावर्तुळ म्हणतात. सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग आडवा ताणलेला असल्यामुळे तोच मार्ग वाकडा दिसतो.

गणकयंत्र

याला आकड्यांची जोड देतो. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही साडेचाळीस उत्तरच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवून सरळ पश्चिमेला गेलात तर सुमारे ५,९४० किलोमीटर पडतात. महावर्तुळावरून गेलात तर वाटेत ४६ अंश उत्तरेपर्यंत चढावे लागते, तरीही अंतर ५,७७० भरते. सुमारे १७० किलोमीटरची बचत झाली.

एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात घ्यावी, असे मला वाटते. येताना वाऱ्यामुळे जे कमावले ते जाताना गमावले आणि हिशेब समसमान झाला, असे होत नाही. ५,५४० किलोमीटर ताशी ९०० ने दोनदा कापायला १२ तास १९ मिनिटे लागतील. ताशी १०० चा वारा असेल तर एकीकडे ८०० ने ६ तास ५५ मिनिटे आणि दुसरीकडे १,००० ने ५ तास ३२ मिनिटे, मिळून १२ तास २७ मिनिटे. समोरचा वारा जास्त काळ सोसावा लागतो, म्हणून मार्ग तोच ठेवला तर जाण्यायेण्याच्या बेरजेत वारा नेहमी तोट्याचाच ठरतो.

निरभ्र

महावर्तुळ हा किमान मार्ग आहे, प्रत्यक्ष मार्ग तोच असतो असे नाही. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन दिवसातून दोनदा मार्गांचा नवा संच आखला जातो, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी एक आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी दुसरा. येणारी विमाने झोत गाठायला वाकडी वाट करतात, कारण जमिनीवरचे अंतर वाढले तरी हवेतले कमी होते.

आणि कधीकधी कारण वाऱ्याचे नसतेच. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि सायबेरियावरून ते साडेनऊ तासांच्या आसपास कापले जात असे. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन शहरे होती तिथेच आहेत, अंतर सांगणारे आकडेही तेच आहेत. ज्यांनी शीतयुद्धाच्या काळात युरोपातून टोकियोला प्रवास केला असेल त्यांना अलास्कातल्या अँकरेजचा थांबा आठवत असेल, त्याचेही कारण हेच होते.

सांजवारा

अजून एक बाब आईंच्या कागदासाठी उपयोगी पडेल. तिकिटावरचे आठ तास हे उडाल्यापासून उतरेपर्यंतचे नसतात. विमान आपल्या जागेवरून हलते, त्याच्या चाकांचे अडसर काढले जातात, तिथपासून पलीकडे ते लावले जाईपर्यंतचा हा वेळ असतो. त्यात धावपट्टीसाठी रांगेत थांबणे आले आणि उशीर झालाच तर भरून काढण्यासाठी थोडा राखीव वेळही आला. म्हणून विमान अर्धा तास उशिरा सुटूनही कधीकधी वेळेवर पोहोचते. मात्र उतरल्यावर पारपत्र तपासणीच्या रांगेत लागणारा वेळ यात कुठेच धरलेला नसतो, आणि तो एक तासही होऊ शकतो. गोळी आणि पाण्याची बाटली हाताशी असावी.

शब्दांकित (धागालेखक)

सांजवारा, हा मुद्दा फार महत्त्वाचा निघाला. का ते लिहितो.

माझ्या चुकीच्या हिशेबाने रात्री दहाची गोळी न्यूयॉर्कच्या घड्याळात पाच वाजता, म्हणजे विमान थांबतानाच येत होती. खऱ्या हिशेबाने ती सहा वाजता येते, आणि सहा वाजता आई बहुधा तपासणीच्या रांगेत उभी असेल. तिथल्या सात दिवसांतल्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घेतल्या आहेत. त्यांनी लंडनचेच वेळापत्रक ठेवायला सांगितले आहे, म्हणजे तिथल्या घड्याळात पहाटे दोन, सकाळी दहा आणि सायंकाळी सहा.

आता कागदावर असे लिहिले आहे: "१५ मार्च. दुपारी दोनची गोळी विमानात, निघाल्यावर तासाभराने. पुढची गोळी न्यूयॉर्कच्या घड्याळात सायंकाळी सहा वाजता, रांगेत असलीस तरी घे. २२ मार्च. सायंकाळी सहाची गोळी विमानतळावर, विमान सुटण्याआधी दोन तास. पुढची गोळी विमानात, लंडन येण्याआधी एक तास, हवाईसेविकेला उठवायला सांगून ठेव." शिवाय तिचे जुने मनगटी घड्याळ लंडनच्या वेळेवरच राहू द्यायचे आणि मोबाइलला तिथली वेळ दाखवू द्यायची, असे आमचे ठरले आहे. काल तिने दोरा घेऊन गोलावर मार्गही ताणून पाहिला, आणि न्यूफाउंडलंडवर बोट ठेवून हे गाव कोणते म्हणून विचारत होती.

अक्षांश

कागद व्यवस्थित झाला आहे. फक्त प्रवास पुढेमागे ढकलला गेला आणि परतीची तारीख मार्चच्या शेवटच्या रविवारपलीकडे गेली, तर फरक पुन्हा पाच तासांचा होईल आणि तिथल्या गोळ्यांच्या वेळाही बदलतील. तसे झाल्यास दोन्ही ओळी नव्याने लिहा.

शब्दांकित (धागालेखक)

हो, कागदाच्या मागच्या बाजूला ते आताच लिहून ठेवले.